डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि मॅन्युअल गाडी

डाव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट होऊन तुम्हाला महिना झालाय, काठी सुटलीये आणि घरचे म्हणतायत, 'डावाच पाय आहे, चालव की!' हा सल्ला ऑटोमॅटिक गाडीला ठीक. तिथे डाव्या पायाला कामच नसतं, त्यामुळे काहींना दोन-तीन आठवड्यांतही परवानगी मिळते. तुमची गाडी मॅन्युअल आहे, आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये सगळ्यात जास्त राबतो तो डावा पायच.

माझे दोन्ही गुडघे झालेत, आधी उजवा, मग डावा. उजव्याच्या वेळी धास्ती ब्रेकची. ताशी 50 किमीला गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. पाय अर्धा सेकंद उशिरा पडला की 7 मीटर गेलेच. म्हणून उजव्याला बहुतेक डॉक्टर चार ते सहा आठवडे थांबवतात. डाव्याचं दुखणं निराळं. क्लच एकदा दाबायला काही वाटत नाही, पण संध्याकाळी सिंहगड रोडला हाफ क्लचवर गाडी रांगवत राहा, मांडी थरथरायला लागते. घरात चालताना याचा पत्ताच लागत नाही.

त्यामुळे आठवडे मोजण्यापेक्षा पार्किंगमध्ये इंजिन बंद ठेवून बसा. सीट अशी लावा की क्लच तळाला गेला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील. मग दहा-पंधरा मिनिटं क्लच पूर्ण दाबायचा, सावकाश सोडायचा. शेवटी शेवटी तो झटक्यात सुटायला लागला तर अजून थांबा, फिजिओला सांगून मांडीचे व्यायाम वाढवा. जमलं तरी सर्जनला विचारल्याशिवाय रस्त्यावर नको. आणि ऐनवेळी क्लचपर्यंत पाय पोचला नाही तरी ब्रेक दाबाच. इंजिन बंद पडेल, गाडी थांबेल.

ट्रामाडोलसारखी दुखण्यावरची तीव्र गोळी चालू असेल तर स्टिअरिंगला हात नको, गुंगी येते. पोटरी सुजून दुखायला लागली तर गाडी-बिडी राहू द्या, रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

स्कूटरचा मोह तर आणखी आवरा. गिअर नाही हे खरं, पण सिग्नलला, उतारावर, खड्ड्यात शंभर किलोच्या वरची गाडी तोल जाताना त्याच पायावर येते.