लष्कराने नवी तोफ घ्यावी की जुन्यांवर भागवावं, हे कशावरून ठरवायचं?

मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची शस्त्रं नि वाहनं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, २२ वर्षं होतो, बहुतेक काळ तोफांच्या दुरुस्तीवर. तुम्ही विचारलंय की निर्णय पल्ल्यावरून घ्यावा की किमतीवरून. मी दोन्हींच्या आधी एक विचारीन: पुढची ३० वर्षं गोळे आणि सुटे भाग कुठून येणार?

बोफोर्सचंच घ्या. १९८६ साली स्वीडनच्या या कंपनीकडून ४१० तोफा घेतल्या. तोफ अव्वल, पंधरा सेकंदांच्या आत तीन गोळे टाकणारी. १९९९ च्या कारगिल युद्धात तोलोलिंग आणि टायगर हिल चढणाऱ्या पायदळाला तिचा केवढा आधार होता! पण लाचखोरीच्या आरोपांनंतर कंपनीशी व्यवहार थांबला, सुटे भाग आटले आणि एक तोफ चालू ठेवायला दुसरीचे भाग काढायची पाळी आली. धडधाकट यंत्र असं उघडताना जीव किती तुटतो, ते मला माहीत आहे. करारात तोफेचे आराखडेही मिळाले होते. ते वर्षानुवर्षं पडून राहिले. त्यांच्याच आधारावर जबलपूरला 'धनुष' घडली आणि पहिल्या सहा तोफा सैन्याला मिळाल्या त्या थेट २०१९ मध्ये. निवड चुकली नव्हती, मागची तजवीज कच्ची राहिली.

मग गरज. हाताशी आहे त्याने कुठलं काम होत नाही, ते नेमकं सांगता आलं पाहिजे. बोफोर्स सुमारे १२ टनांची, रस्ता संपला की अडते. अमेरिकी एम-७७७ तोफ चार टनांच्या आसपास, चिनूक हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर नेता येते. हे कारण मला पटतं. वाळवंटात रणगाड्यांबरोबर धावायला के-९ वज्र ही स्वतःच्या इंजिनावर चालणारी तोफ, तेही पटतं. दोन्ही २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्या नाशिकजवळच्या देवळालीतच दाखल झाल्या. 'शेजाऱ्याकडे आहे' एवढंच कारण असेल तर मात्र थांबावं.

मागणीही आवाक्यातली हवी. २०११ च्या टेंडरमध्ये नळी बदलून दोन वेगळ्या मापांच्या गोळ्या झाडणारी रायफल मागितली होती. २०१५ मध्ये ते टेंडरच रद्द झालं आणि जवानाच्या हातात जुनी इन्सास रायफलच राहिली. उशिराचीही किंमत असते, ती कुठल्याच निविदेत दिसत नाही.

पोखरणच्या उन्हातल्या चाचण्यांच्या बातम्या होतात. तुम्ही ईएमईची चाचणी कशी झाली ते विचारा. त्यात तोफ उघडून बघतात, भाग बदलायला किती वेळ आणि कुठली अवजारं लागतात ते तपासतात. आघाडीजवळ, थंडीत, बॅटरीच्या उजेडात जे बदलता येत नाही ते माझ्या दृष्टीने निकामीच.

मार्च २०२५ मध्ये ३०७ एटॅग्ज (देशातच विकसित केलेल्या, लांब पल्ल्याच्या) तोफांचा करार झाला, त्यातल्या निम्म्याहून जास्त पुण्याच्या भारत फोर्जकडे. तोफ देशातलीच, म्हणून सुट्या भागांची धाकधूक कमी. तोफगोळ्यांची मात्र आहे. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०१७ च्या अहवालात १५२ प्रकारच्या दारूगोळ्यापैकी ६१ प्रकारांचा साठा १० दिवसही पुरणारा नव्हता.