अमेरिकेतल्या छोट्या एपिस्कोपल (इंग्लंडच्या अँग्लिकन परंपरेतल्या) चर्चचे पाद्री चर्च-वर्षाच्या दर सीझनला वेगळं पत्र का पाठवतात?
कारण त्यांचं चर्चचं वर्ष जानेवारीत नाही तर नाताळआधीच्या चौथ्या रविवारी, ॲडव्हेंटला सुरू होतं आणि पाद्रींची पत्रं त्याच कॅलेंडरनं चालतात. हे कॅलेंडर त्यांच्या १९७९ च्या प्रार्थना-पुस्तकातच दिलंय, ॲडव्हेंटला येशूच्या येण्याची वाट पाहणं, राखेच्या बुधवारपासून (ॲश वेन्सडे) लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या काळाचे, रविवार सोडून ४० दिवस उपवास नि आत्मपरीक्षण, मग ईस्टरचा ५० दिवस आनंद. नाताळआधी बरेचदा अजून एक पत्र येतं, पुढच्या वर्षी किती देणगी देणार ते प्लेज कार्डवर लिहून द्या म्हणून, ते वाचून रागावू नका, छोट्या पॅरिशचं (स्थानिक चर्चचं) बजेट बऱ्याच अंशी त्यावरच बसतं. मात्र पत्र पाठवलंच पाहिजे असा नियम नाही, आणि पूर्णवेळ पाद्री नसेल तिथे वॉर्डनही (चर्चचा कारभार पाहणारे निवडलेले सभासद) लिहितात.