ख्रिस्ती आहे, तरी राग का येतो?

"ताई, मी ख्रिस्ती आहे, तरी मला राग येतो. मग माझी प्रीती खोटीच का?" चर्चच्या मंडळीतल्या बायका हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येत राहतात. म्हणून एकीची हकीगत सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतकं बदलून.

त्या एका शाळेत शिक्षिका. सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या. अंघोळ, औषधं, जखमा होऊ नयेत म्हणून रात्री उठून कूस बदलणं, सगळं यांच्याच अंगावर. दीर त्याच गावात. रविवारी उपासनेनंतर आईला सलाम करून निघून जायचे. "प्रीती पाहायची तर यांच्या घरी," असं सगळे म्हणत.

"परवा रात्री कूस बदलताना मी आईंचं मनगट आवळलं," त्या खाली बघत म्हणाल्या. "सकाळी तिथं निळसर वळ होता. प्रीती चिडत नाही, असं बायबलमध्ये लिहिलंय ना?"

"भाऊजींना कधी सांगितलंत?"

"मागायचं कसं? प्रीती स्वार्थही पाहत नाही."

माझं ठाम मत आहे, राग येणं हे पाप नव्हे. ओझं झेपत नाही, अशी मनाने दिलेली ती वर्दी असते. ती ऐकली नाही, तर राग घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसावर निघतो. पण हे मी सांगून त्यांना पटलं नसतं. मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढून दिला. लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाला वाटेने जाणारा एक शोमरोनी उतारशाळेत नेतो, हा येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला त्यांना शब्बाथ शाळेपासून, म्हणजे लहानपणीच्या धर्मशिक्षणाच्या वर्गापासून, पाठ होता. "आज सावकाश वाचा," म्हटलं.

पस्तिसाव्या वचनातल्या 'दुसऱ्या दिवशी'पाशी त्या थांबल्या.

"शोमरोनी निघाला?"

"निघाला. पण त्याआधी काय केलं?"

"उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले. याची काळजी घ्या म्हणाला." बोट वचनावरच होतं. "म्हणजे त्यानंही दुसऱ्याला हाताशी घेतलं."

अशा क्षणासाठीच मी हे काम करते. या दाखल्यावरचे बहुतेक उपदेश जखमीला टाळून गेलेल्या याजकावर आणि लेव्यावर, म्हणजे मंदिरातल्या सेवकावर, रेंगाळतात. मला मात्र हे वचन मोलाचं वाटतं. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शोमरोन्याने शुश्रूषा केली, पैसे मोजून दिले, जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला. जखमी माणसाला त्याने टाकलं नाही आणि सगळं एकट्याच्या डोक्यावरही घेतलं नाही.

मग दिरांशी काय बोलायचं याची आम्ही तयारी केली. बाईंनी योजलेलं पहिलं वाक्य होतं, "तुम्हाला आईची काही पडलेलीच नाही." ते खोडलं. शेवटी ठरलं, "भाऊजी, शनिवारी रात्री आईंजवळ तुम्ही थांबा. कूस कशी बदलायची, मी दाखवते." दीर आले. पुढे एकदा आले नाहीत, तर यांनी त्याच संध्याकाळी फोन केला. प्रीती 'अपकार स्मरत नाही' असंही तिथंच लिहिलंय, त्याचा मला उमगलेला अर्थ हाच: वेळच्या वेळी बोललं की मनात साठत नाही.

तुमच्याही घरी असं असेल, तर "जरा हातभार लावा" असं मोघम बोलू नका. वार, वेळ, काम नेमकं सांगा. माणूस मिळत नसेल, तर मदतनीस बाईचा पगार भावंडांत वाटून घ्या, पाळकसाहेबांच्या कानावर घाला. आणि आजारी माणसाला बोलता येत असेल, तर रात्री जवळ कोण हवं, हे आधी त्यालाच विचारा.