फोनचे कॅमेरे ताडून बघताय? मग एवढंच करा

मेगापिक्सेलचा आकडा बाजूला ठेवा. २०० मेगापिक्सेलवाला सेन्सरही (लेन्समागची उजेड टिपणारी चिप) एरवी १६-१६ पिक्सेल एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतो. सेन्सरचा आकार विचारा: १/१.३ इंच हा १/२ इंचापेक्षा मोठा, म्हणून रात्री उजेड जास्त गोळा करतो. (या अपूर्णांकात भलेभले फसतात!)

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानाच्या झगमगाटात सगळेच फोन देखणे फोटो काढतात. त्यापेक्षा मित्रांचे फोन मागा आणि:

- ब्युटी मोड बंद करा, जागा आणि वेळ एकच ठेवा.
- घरातल्या मंद दिव्यात सोलापुरी चादर टिपा, मग झूम करा. वीण दिसते की नुसता रंग लिंपलाय?
- अंधार पडल्यावर सिद्धेश्वर तलावाकाठी चालत्या माणसाचा फोटो घ्या. खरी परीक्षा हीच.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंवरून ठरवू नका, तिथे तपशील दाबला जातो. रॉ (फोनने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो) वगैरे नंतर बघू.