पॉकेट फायटर नवीन शिकतोयस ना, मग आधी हे वाच

अरे, रिऊ नि चुन ली ही स्ट्रीट फायटरची पात्रं इथे एवढी गोंडस, मोठं डोकं नि चिमुकले हातपाय, म्हणून हा मारामारीचा गेम पोरखेळ समजू नकोस हं. कॅपकॉमनी १९९७ ला काढलेला, जपानबाहेर आर्केडमधे सुपर जेम फायटर मिनी मिक्स नाव होतं, आणि २०२२ च्या कॅपकॉम फायटिंग कलेक्शन या गेमसंग्रहात त्याच नावानं आहे तो, तिथूनच घे.

बटणं तीनच, पंच, किक नि स्पेशल. खरी मारामारी रत्नांवर आहे. लाल, पिवळं, निळं, प्रत्येक रंग तुझ्या एकेका स्पेशल मूव्हला ताकद देतो, लेव्हल तीनपर्यंत, आणि मार खाल्लास की तुझीच रत्नं सांडतात नि समोरचा ती वेचतो! आमच्या रामबागेतल्या घरी रविवारी पोहे-जिलबी आटोपली की आम्ही भावंडं बसतो, तिथे नवा पोरगा हमखास हेच करतो, कॉम्बोच्या, म्हणजे लागोपाठ फटक्यांच्या, नादात पायाशी पडलेलं पिवळं रत्न तसंच सोडतो, दोन सेकंदात ते माझ्याकडे. तू आधी वेच, मग मार.

समोरचा नुसता ब्लॉक करत बसला तर स्पेशल बटण दाबून धर, चार्ज कर नि सोड, तो गार्ड क्रश ब्लॉकमधूनही बसतो. पण चार्ज होईपर्यंत तू उघडा असतोस, म्हणून जवळ उभं राहून नको करूस.

पहिला आठवडा रिऊच घे, पात्र बदलत राहू नकोस. मला स्वतःला फेलिशिया जाम आवडते, फ्लॅश कॉम्बोत दर फटक्याला बदलणारे कपडे बघायलाच मी ती घेतो, पण ते नंतर. रविवारी येतोयस ना, दुसरा कंट्रोलर ठेवलाय तुझ्यासाठी.