गडचिरोली जिल्ह्यातले लोक उपजीविकेसाठी काय करतात?

शेती आणि जंगल, दोन्ही मिळून. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाखाली आहे. पश्चिमेला वैनगंगा-प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, आग्नेयेला इंद्रावती. वस्ती विरळ, २०११ च्या जनगणनेत पावणेअकरा लाखांच्या आसपास. गोंड आणि माडिया समाज मोठा आहे, भामरागड-एटापल्लीकडे तर माडियाच जास्त.

मुख्य पीक धान, तेही बरंचसं पावसाच्या आणि मामा तलावांच्या (म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावांच्या) भरवशावर. पण रोख पैसा येतो तो उन्हाळ्यात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे विडीचं पान, तोडायचा. पहाटेच अख्खं घर जंगलात जातं, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, मोजून देतात.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावरचा गावाचा हक्क, मिळवला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. माझ्या मते जिल्ह्याच्या अर्थकारणातली ही सगळ्यात मोलाची घटना आहे. अलीकडे एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजामुळे रोजगार येतोय, पण जंगल जाईल ही तिथल्या लोकांची भीतीही तितकीच खरी आहे.