'बॉय'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतील काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्राचा अनुवाद करताना एका वाचकाला 'बॉय' हा शब्द अडला आहे. गोऱ्यांच्या तोंडी काळ्या माणसाचे वय कितीही असले तरी त्याचे मधले नाव 'बॉय' होते, असे किंग तेथे म्हणतात. याला 'मुलगा' म्हणावे, 'पोऱ्या' म्हणावे की 'गडी'?

'मुलगा' चालणार नाही, कारण मराठीत तो वय किंवा नाते सांगणारा, बहुधा मायेचाच शब्द आहे. 'गडी' हा कामावरून पडलेला शब्द आहे, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत हा अपमान कामावर मुळीच अवलंबून नव्हता. तेथे काळ्या डॉक्टरलाही 'बॉय' ऐकावे लागे आणि काळ्या पाद्र्यालाही. उरला 'पोऱ्या'. हॉटेलातल्या पोऱ्यामुळे त्यात लहान वय आणि हलकी जागा या दोन्ही छटा आल्या आहेत, म्हणून तिघांत तोच बरा. तरीही माझे मत असे की या वाक्याचे खरे काम नाम करत नाही, आणि अनुवादकाने केवळ नामाच्या शोधात राहू नये.

किंग ज्या रीतीबद्दल लिहीत होते ती रीत संबोधनाची होती. दक्षिणेतील गोरा माणूस काळ्या माणसाला 'मिस्टर' आणि काळ्या बाईला 'मिस' किंवा 'मिसेस' म्हणत नसे. पुरुषाला 'बॉय' म्हणायचे, म्हातारा असेल तर 'अंकल'ही म्हणायचे, म्हातारीला 'आंटी' म्हणायचे, आणि नाव विचारण्याचे कष्ट घ्यायचे नसतील तर कोणालाही 'जॉन' म्हणायचे. रेल्वेत पुलमन कंपनीच्या शयनडब्यांतील काळ्या हमालांना तर मालक जॉर्ज पुलमन याच्या नावावरून सरसकट 'जॉर्ज' म्हणत. (येथे 'अंकल'चा 'काका' करण्याचा मोह टाळावा, कारण नात्याचा शब्द येथे आदर देण्यासाठी नव्हे, तर आदराची उपाधी देण्याची वेळ येऊ नये म्हणून वापरलेला आहे.) इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या तिघांसाठी एकच सर्वनाम असल्यामुळे मानापमानाचा सगळा भार या उपाध्यांवर आणि नावांवर पडला होता.

तो भार किती होता हे एका खटल्यावरून कळते. जून १९६३ मध्ये अलाबामातील गॅड्सडन येथील न्यायालयात मेरी हॅमिल्टन या नागरी हक्क कार्यकर्तीची साक्ष चालू होती. तिने आपले नाव 'मिस मेरी हॅमिल्टन' असे सांगितले असतानाही सरकारी वकिलाने तिला नुसते 'मेरी' म्हणून पुढचा प्रश्न विचारला. आपल्याला नीट संबोधल्याशिवाय उत्तर देणार नाही असे तिने सांगितले, आणि न्यायाधीशाने अवमानाबद्दल तिला ५० डॉलर दंड व पाच दिवसांची कैद सुनावली. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. आता हा प्रसंग मराठीत 'मेरी, तुम्हाला कोणी अटक केली?' असा लिहिला तर वाचकाला ती इतकी का संतापली हेच कळणार नाही, कारण परदेशी माणसाला पहिल्या नावाने हाक मारणे आपल्याला खटकत नाही. 'मेरी, तुला कोणी अटक केली?' असे लिहिले की सगळे कळते, आणि तिचे म्हणणे 'मला हॅमिल्टनबाई म्हणा' इतकेच होते हेही कळते.

मुद्दा हाच आहे. अरे-तुरे आणि अहो-जाहो हा भेद मराठीने सर्वनामात आणि क्रियापदाच्या प्रत्ययात ठेवला आहे, तेव्हा 'बॉय'मधला अपमानही तेथेच ठेवावा. शब्द हवा तर 'बॉय'च राहू द्यावा, पण तो उच्चारणारा शिपाई किंवा दुकानदार 'ए बॉय, इकडे ये' असेच बोलला पाहिजे, मग समोरचा माणूस साठीचा का असेना. नावे बिघडवण्याची रीत महाराष्ट्रातील खेड्यांनाही ठाऊक होती. जातीने खालच्या ठरवलेल्या वयस्क माणसाला गावातील पोरसवदा मुलगाही धोंड्या नाही तर राम्या म्हणून हाकारी. म्हणूनच मराठी वाचकाला हे पत्र चटकन भिडते, परंतु म्हणून 'जॉन'चा 'राम्या' करू नये. तसे केल्यास वाचक अलाबामातून उठून आपल्या गावात येतो आणि पत्राचा पत्ता चुकतो.

'बॉय' अपमानकारक आहे की नाही हे एकट्या शब्दावरून ठरत नाही, ही गोष्ट पुढे सर्वोच्च न्यायालयालाही लिहावी लागली. २००६ मधील एका प्रकरणात काळ्या कामगारांना वरिष्ठ अधिकारी 'बॉय' म्हणत असे. त्यामागे वर्णविशेषण नसेल तर हा द्वेषाचा पुरावा धरता येणार नाही, असे खालच्या न्यायालयाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले आणि बोलणाऱ्याचा अर्थ संदर्भ, स्वर, स्थानिक रूढी व शब्दाचा इतिहास यांवरून ठरू शकतो असे सांगितले. कोशकारांनीही हे वाक्य जवळ बाळगावे.

आता मूळ वाक्याकडे वळू. आठ गोऱ्या धर्मगुरूंनी १२ एप्रिल १९६३ रोजी निवेदन काढून बर्मिंगहॅममधील निदर्शने अविचारी आणि अकाली ठरवली होती; किंग यांना अटक झाली तीही त्याच दिवशी. 'थांबा' या सल्ल्याला त्यांनी १६ एप्रिल ही तारीख घातलेल्या पत्रात जे उत्तर दिले, त्यात इंग्रजीत तीनशेहून अधिक शब्दांचे एकच वाक्य आहे, आणि 'बॉय' त्यातच येतो. 'जेव्हा तुम्ही', 'जेव्हा तुमच्या' अशी उपवाक्ये एकामागून एक येत राहतात आणि मुख्य विधान शेवटी येते: मग आम्हाला थांबणे का जड जाते ते तुम्हाला कळेल. या वाक्याचे तुकडे पाडू नयेत, कारण थांबायला सांगणाऱ्यांना ते वाक्यच शेवटपर्यंत थांबवून ठेवते. शिवाय यातील 'तुम्ही'चे 'आपण' करू नये. 'आपण' आदराचे असले तरी ते 'कोणीही' या अर्थानेही वाचले जाते, आणि मग गोऱ्या धर्मगुरूला काळ्या बापाच्या जागी उभे करण्याची लेखकाची युक्ती सैल पडते. 'तुमच्या बायकोला आणि आईला मिसेस ही उपाधी कधीच मिळत नाही' हे 'तुमच्या'सकट त्याच्या अंगावर गेले पाहिजे.

पत्राची सुरुवात मात्र 'माझ्या प्रिय धर्मबंधूंनो' अशी आहे आणि अखेरपर्यंत शिष्टाचार सुटत नाही. जो मान लेखकाला नाकारला गेला तोच तो पुरेपूर देतो. अनुवादात राग आणण्याच्या भरात येथे भाषा उतरवणे ही मोठीच चूक ठरेल.

'बॉय'चा प्रतिशब्द ठरवताना १९६८ मधील टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराचा संपही आठवावा. कचरागाडीच्या यंत्रात सापडून दोन कामगार मेल्यानंतर सुमारे तेराशे काळ्या सफाई कामगारांनी काम बंद केले, आणि त्यांच्या फलकांवर 'आय ॲम अ मॅन' एवढेच लिहिलेले असे. हे 'बॉय'ला दिलेले उत्तर आहे. मराठीत 'मी माणूस आहे' हेच योग्य, यात माणुसकीचा दावा नीट उतरतो; पोर आणि प्रौढ यांतला विरोध मात्र त्यात निसटतो. 'मी बाप्या आहे' म्हटले तर तो विरोध राहतो आणि फलक विनोदी होतो. येथे तोटा पत्करावा.

सर्वनामांचा विषय निघालाच आहे तर एक अवघड जागा सांगतो, जी प्रश्नकर्त्याने विचारलेली नाही. इंग्रजीतील 'वुई' एकच, मराठीत मात्र 'आम्ही' की 'आपण' हे ठरवावेच लागते. प्लिमथला 'यात्रेकरू' (इंग्लंडमधून आलेले गोरे वसाहतकार) उतरण्यापूर्वीपासून 'वुई' येथे होतो, असे किंग लिहितात. आफ्रिकेतून आणलेली माणसे १६१९ मध्ये व्हर्जिनियात उतरली आणि प्लिमथची वसाहत १६२० ची, हे लक्षात घेतले तर येथे 'आम्ही'च हवे. पण धर्मगुरूंच्या निवेदनाने ज्यांना बाहेरचे म्हटले होते त्यांच्या वतीने किंग जेव्हा सांगतात की सगळे परस्परसंबंधांच्या एकाच जाळ्यात अडकलेले आहेत आणि अमेरिकेच्या सीमेत राहणारा कोणीही तिथे कुठेच बाहेरचा ठरत नाही, तेव्हा तेथे 'आम्ही' लिहिल्यास तो युक्तिवादच मोडतो. तेथे 'आपण' लिहावे.